बाण कुठल्या दिशेला? रोजच्या सल्ल्यांची विधान-तर्काने तपासणी

“कष्टाशिवाय फळ नाही.” दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी ठाण्यातल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येतं. मूल चांगल्या मार्कांनी पास झालं तर ते कौतुकाने म्हटलं जातं. नापास झालं तर तेच वाक्य फिरून त्याच्यावर येतं : “कष्ट केले की फळ मिळतंच. तुला मिळालं नाही, म्हणजे तू कष्ट केले नाहीस.” बोलणाऱ्याला वाटतं, आपण एकच गोष्ट दोनदा सांगितली. ती दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं असूनही दुसरं खोटं असू शकतं, आणि त्या मुलावर बसलेल्या आळशीपणाच्या ठपक्याला पहिल्या वाक्यात कसलाही आधार नाही.

हा फरक नुसत्या कानाला कळत नाही. कागदावर मांडला तर दोन मिनिटांत दिसतो. त्यासाठी लागणारं तर्कशास्त्र, म्हणजे विधान-तर्क, फार थोडं आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या गणितात ते पहिल्याच प्रकरणात येतं आणि परीक्षेपुरतं पाठ करून सोडून दिलं जातं. सल्ले, म्हणी आणि घरातले नियम तपासायला तेच कसं वापरायचं, हे इथे पायरीपायरीने दिलं आहे. एक वही, पेन आणि एका सल्ल्यामागे साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

आधी पाच चिन्हं

ज्याला खरं किंवा खोटं म्हणता येतं ते विधान. विधानाला एक अक्षर द्यायचं आणि विधानं पाच चिन्हांनी जोडायची. ~ म्हणजे “असं नाही”. ∧ म्हणजे “आणि”. ∨ म्हणजे “किंवा”, यात दोन्ही खरी असली तरी चालतं. → म्हणजे “जर… तर”. ↔ म्हणजे “तर आणि तरच”, म्हणजे दोन्ही बाजू एकदमच खऱ्या किंवा एकदमच खोट्या.

अडचण येते ती बाणाची. बाणाच्या आधीचं ते पूर्वांग, नंतरचं ते उत्तरांग. बाण एकाच परिस्थितीत खोटा ठरतो : पूर्वांग खरं आणि उत्तरांग खोटं. कुणी म्हणालं, “पाऊस पडला तर मी तलावपाळीला येणार नाही.” पाऊस पडला आणि तो आला, तर शब्द मोडला. पाऊस पडलाच नाही, तर तो येवो किंवा न येवो, त्याने शब्द मोडला असं म्हणता येत नाही. कोरड्या दिवसाबद्दल त्याने काही कबूलच केलं नव्हतं. ही एवढी गोष्ट पक्की झाली की निम्मं काम झालं.

पायरी १ : सल्ला शब्दशः उतरवा, “च”सकट

सारांश लिहू नका. ज्या शब्दांत सल्ला दिला गेला तेच शब्द लिहा, कारण मराठीत बाणाची दिशा बऱ्याचदा एका “च”वर ठरते. “मान दिलास तर मान मिळेल” आणि “मान दिलास तरच मान मिळेल” यांत एका अक्षराचा फरक आहे आणि बाण उलटे आहेत. पहिल्यात आश्वासन आहे : द → म. दुसऱ्यात फक्त अट आहे : म → द, म्हणजे मान मिळाला असेल तर तो दिलेला असणारच. मान देऊनही न मिळण्याची शक्यता दुसऱ्या वाक्याने मोकळी ठेवली आहे.

नेहमी येणाऱ्या रचना चिन्हांत अशा उतरतात :

- जर अ तर ब : अ → ब
- अ तरच ब : ब → अ
- अ-शिवाय ब नाही : ~अ → ~ब, म्हणजेच ब → अ
- अ कर, नाहीतर ब होईल : ~अ → ब
- कितीही अ झालं तरी ब : नुसतं ब. “कितीही राग आला तरी हात उगारू नये” यात राग ही अट नाहीच. हात न उगारणं बिनशर्त आहे.
- अ, पण ब : अ ∧ ब

“पण”च्या बाबतीत जपून. “तो हुशार आहे पण उद्धट आहे” आणि “तो उद्धट आहे पण हुशार आहे” ही दोन वाक्यं चिन्हांत तंतोतंत सारखी होतात. बोलण्यात मात्र पहिलं तक्रार आहे आणि दुसरं पाठराखण. तो भार चिन्हांत हरवतो, म्हणून अशा ठिकाणी मूळ वाक्य बाजूला लिहून ठेवा.

“नाहीतर”मध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. “अभ्यास कर, नाहीतर नापास होशील” याचा अर्थ ~अ → न. ऐकणारं मूल त्यातून “अभ्यास केला तर नापास होणार नाही” असं वचन ऐकतं, म्हणजे अ → ~न. ते वचन वाक्यात नाही. माणसं साध्या “जर-तर”मधून “तरच” ऐकतात, हे भाषाशास्त्रज्ञ मायकेल गाइस आणि आर्नोल्ड झ्विकी यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं होतं. म्हणून सल्ला देणाऱ्याने काय म्हटलं आणि ऐकणाऱ्याने काय घेतलं, हे दोन वेगळ्या ओळींत लिहा. पुष्कळ भांडणं या दोन ओळींच्या मधल्या जागेतली असतात.

पायरी २ : आज्ञेचं विधान करा

“खरं बोल” हे खरं किंवा खोटं नसतं. ती आज्ञा आहे. डॅनिश तत्त्वज्ञ यॉर्गेन यॉर्गेनसेन यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी हाच पेच मांडला : आज्ञेला सत्यासत्यता नाही, तरी आपण आज्ञांवरून अनुमानं काढतो, ती कशी? रोजच्या कामापुरता उपाय सोपा आहे. “खरं बोल” ऐवजी “इथे खरं बोलणं योग्य आहे” असं लिहा. याच्याशी सहमत किंवा असहमत होता येतं.

इथली नेहमीची चूक म्हणजे “तो खरं बोलतो” आणि “त्याने खरं बोलणं योग्य आहे” या दोघांना एकच अक्षर देणं. पहिलं घडणारं आहे, दुसरं घडायला हवं असलेलं. त्यांची सरमिसळ झाली की पुढचं कोष्टक (विधानं खरी की खोटी याच्या सगळ्या शक्यता ओळीओळीने मांडणारा तक्ता) कितीही नीट भरलं तरी निरुपयोगी.

पायरी ३ : अक्षरं द्या, चारपेक्षा जास्त नकोत

प्रत्येक साध्या विधानाला एक अक्षर. दोन अक्षरं असली की कोष्टकात ४ ओळी होतात, तीन असली की ८, चार असली की १६. पाचव्या अक्षराला ३२ ओळी लागतात, आणि तिथे चुका व्हायला लागतात. सल्ला एवढा मोठा असेल तर त्याचे दोन तुकडे करा.

एक शब्द दोन अर्थांनी आलाय का, तेही इथेच बघा. “मोठ्यांचं ऐकावं” यात मोठे म्हणजे वयाने की जाणतेपणाने? पहिल्या वाक्यात “अनुभवी माणसाचं ऐकावं” असं पटवलं जातं आणि शेवटी “मी तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आहे” असं म्हणून गाडी भलत्याच स्टेशनवर नेली जाते. दोन अर्थ असतील तर दोन अक्षरं.

पायरी ४ : न बोललेलं विधान शोधा

सल्ल्यात सहसा एक विधान गाळलेलं असतं, आणि नेमकं तेच तपासण्यासारखं असतं. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १८ व्या शतकात बजावून ठेवलं आहे की नुसत्या “आहे”वरून “पाहिजे” निघत नाही. मध्ये एक पूल लागतो.

लग्नातला आहेर घ्या. “त्यांनी आपल्याकडच्या कार्यात भारी आहेर केला होता, म्हणून आपल्यालाही तेवढाच करायला हवा.” दिलेलं विधान त : त्यांनी भारी आहेर केला. निष्कर्ष क : आपण तेवढाच करणं योग्य आहे. त वरून क निघत नाही. मध्ये त → क गृहीत धरलंय. ते आता पूर्ण वाक्यात लिहा : “एखाद्याने आपल्याला जेवढं दिलं तेवढंच परत करणं योग्य असतं, मग आपली ऐपत काहीही असो.” शेवटचा तुकडा उघडा पडला की बरेच लोक थबकतात, कारण “अंथरूण पाहून पाय पसरावे” हेही त्याच घरात मानलं जातं. मूळ सल्ला त्यामुळे खोटा ठरत नाही, पण वाद कशावर घालायचा ते कळतं. आहेर किती रुपयांचा हा प्रश्न मागे पडतो आणि परतफेड ऐपतीच्या आधी येते का, यावर बोलणं सुरू होतं.

गाळलेलं विधान भरताना प्रामाणिक राहा. समोरच्याच्या तोंडी सगळ्यात वेडगळ विधान घालू नका. युक्तिवाद उभा राहील असं सगळ्यात सौम्य विधान घाला आणि मग तपासा.

पायरी ५ : घात करणारी ओळ शोधा

युक्तिवाद वैध म्हणजे आधारविधानं (ज्यांच्यावर निष्कर्ष टेकतो ती विधानं) सगळी खरी आणि निष्कर्ष खोटा अशी एकही ओळ कोष्टकात नसणं. अशी एक ओळ सापडली की पुरे, बाकीचं कोष्टक भरायची गरज नाही. १९२१ मध्ये तत्त्वज्ञ लुडविग विटगेनस्टाइन आणि तर्कशास्त्रज्ञ एमिल पोस्ट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सत्यता-कोष्टकं मांडली, तेव्हापासून हे काम कुणालाही यांत्रिकपणे करता येतं.

सुरुवातीची म्हण आता तपासू. क : कष्ट केले. फ : फळ मिळालं. म्हण सांगते फ → क. घरात काढला जाणारा अर्थ आहे क → फ.

| क | फ | फ → क (म्हण) | क → फ (काढलेला अर्थ) |
|---|---|---|---|
| खरं | खरं | खरं | खरं |
| खरं | खोटं | खरं | खोटं |
| खोटं | खरं | खोटं | खरं |
| खोटं | खोटं | खरं | खरं |

दुसरी ओळ बघा. कष्ट केले, फळ मिळालं नाही. म्हण तिथे खरी आहे आणि घरातला अर्थ खोटा. म्हणजे म्हणीवरून तो अर्थ निघत नाही. नापास झालेलं मूल याच दुसऱ्या ओळीत उभं असू शकतं. ते दुसऱ्या ओळीत आहे की चौथ्या, हे म्हण सांगू शकत नाही. त्यासाठी त्याची वही, झोपेच्या वेळा, पेपरच्या दिवशीची तब्येत बघावी लागते.

ठपका कसा तयार होतो तेही यात दिसतं. क → फ एकदा मनात बसलं की त्याचं उलट-निषेधी रूप ~फ → ~क आपोआप येतं, कारण ती दोन्ही सममूल्य आहेत, म्हणजे एकदमच खरी किंवा एकदमच खोटी. “फळ नाही म्हणजे कष्ट नाहीत” ही पायरी तर्काला धरूनच आहे. चूक तिच्या आधी झालेली असते, बाण फिरवताना. म्हणून बाण आधी तपासायचा.

तिसरी ओळही सोडू नका. कष्टांशिवाय फळ मिळालं तर खुद्द म्हणच खोटी ठरते. नौपाड्यातलं वडिलोपार्जित घर पुनर्विकासाला गेलं आणि मोठा फ्लॅट हातात आला, तर घेणाऱ्याने त्यासाठी काही केलेलं नसतं. म्हणजे ही म्हण सगळ्या फळांना लागू नाही, परीक्षेसारख्या काही फळांनाच लागू आहे.

कोष्टक न मांडताही काम होतं. निष्कर्ष खोटा धरा, आधारविधानं खरी ठेवायचा प्रयत्न करा. जमलं तर युक्तिवाद अवैध. कुठेतरी एकच विधान एकाच वेळी खरंही आणि खोटंही धरावं लागलं, तर युक्तिवाद वैध. तीन-चार अक्षरांच्या सल्ल्याला हीच पद्धत बरी.

वैध असूनही अन्याय करणारं : “कर नाही त्याला डर कशाला”

या म्हणीवर सावकाश थांबायला हवं, कारण तिच्यापायी खरोखरची माणसं दुखावतात. घणसोलीतल्या एखाद्या सोसायटीत एका घरातून पैसे गेले असं समजा. घरकामाला येणाऱ्या मावशींना विचारलं जातं. त्यांचा आवाज कापतो. कुणीतरी म्हणतं, “कर नाही त्याला डर कशाला?” आणि सगळ्यांच्या मनात निकाल लागून जातो.

क : त्यांनी पैसे घेतले. ड : त्या घाबरल्या आहेत. म्हण : ~क → ~ड. वस्तुस्थिती : ड. निष्कर्ष : क. घात करणारी ओळ शोधा. निष्कर्ष खोटा, म्हणजे ~क. म्हण खरी, म्हणून ~ड. पण ड दिलेलं आहे. विरोध आला, म्हणजे युक्तिवाद वैध आहे. इथे रूपात दोष शोधत बसू नका, सापडणार नाही.

दोष आधारविधानात आहे. ~क → ~ड म्हणजे निरपराध माणूस कधीच घाबरत नाही. हे खोटं ठरवायला एकच माणूस पुरतो : निरपराध आणि घाबरलेला. काम जाण्याची भीती, चारचौघांत नाव निघण्याची भीती, पोलिसांची भीती, ही सगळी क शिवायची ड आहे. ज्याची रोजीरोटी एका शब्दावर जाऊ शकते त्याची ड जास्त असणारच. म्हण ज्यांचं एका आरोपाने फारसं बिघडत नाही त्यांच्यापुरती ठीक वाटते, म्हणून ती तेच लोक जास्त म्हणतात.

याच म्हणीचा दुसरा वापर मात्र रूपातच चुकतो. “तो बघा किती निर्धास्त आहे, त्याने केलं नसणार.” ~ड वरून ~क. म्हणीचा बाण ~क कडून ~ड कडे जातो, उलटा नाही. क खरं आणि ड खोटं धरून बघा : म्हणीला धक्का लागत नाही आणि निष्कर्ष कोसळतो. सराईत माणूस त्या ओळीत आरामात बसतो.

पायरी ६ : आधारविधान खरं आहे का, पुरावा कुठे शोधायचा

“वाईट संगतीने मुलं बिघडतात.” स → ब. हे पडताळायला लोक बिघडलेली मुलं बघतात आणि त्यांची संगत विचारतात. ही चुकीची जागा आहे. बिघडलेल्या मुलाची संगत चांगली निघाली तरी स → ब खोटं होत नाही, वाईट निघाली तरी सिद्ध होत नाही. बाण मोडतो फक्त “स खरं, ब खोटं” इथे. म्हणून दोनच गट तपासायचे : वाईट संगतीतली मुलं (ती बिघडली का?) आणि न बिघडलेली मुलं (त्यांच्यातली कुणी वाईट संगतीत होती का?). पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये चार पत्त्यांच्या साध्या कोड्यातून दाखवलं की बहुतेक लोक नेमके हेच दोन गट निवडत नाहीत. न बिघडलेल्या मुलांकडे सहसा कुणी बघत नाही, आणि सल्ल्याची खरी परीक्षा तिथेच होते.

“नये” कुठवर पोचतं

“दारू पिऊन गाडी चालवू नये” याचं रूप ~(द ∧ ग). कंस महत्त्वाचा. ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाचा नियम सांगतो की ~(द ∧ ग) म्हणजे ~द ∨ ~ग : दोन्हीतलं किमान एक सोडा. (हे डी मॉर्गन १८०६ मध्ये आपल्याकडे मदुराईत जन्मले.) वाशीत मित्राकडे दोन पेग घेतलेला माणूस पाम बीच रोडने रिक्षा-टॅक्सीत घरी गेला तर त्याने हा सल्ला पूर्ण पाळला. त्याला पुन्हा पिण्यावरून बोलायचं असेल तर ~द हे वेगळं विधान आहे, त्याची वेगळी कारणं द्यावी लागतील. “रागात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकू नये” हेही तसंच : राग येऊ नये असं त्यात म्हटलेलं नाही.

“चोरी किंवा लबाडी करू नये” मात्र ~(च ∨ ल) आहे, म्हणजे ~च ∧ ~ल. इथे दोन्ही सोडायची.

दोन चांगले नियम एकमेकांवर आदळतात तेव्हा

घरात दोन नियम आहेत : “वडिलांनी सांगितलेलं ऐकावं” आणि “खोटं बोलू नये”. फोन वाजतो. बाबा मुलीला सांगतात, “बाबा घरी नाहीत म्हणून सांग.”

स : बाबांनी तसं सांगायला सांगितलं. ब : तसं सांगणं योग्य आहे. पहिला नियम : स → ब. दुसरा नियम : ~ब. वस्तुस्थिती : स. पहिल्या नियमावरून ब येतं, दुसऱ्यावरून ~ब. तिन्ही एकत्र खरी असणं अशक्य. दोन्ही नियम धरून ठेवले तर निष्कर्ष निघतो ~स, म्हणजे बाबांनी सांगितलंच नाही. पण मुलीने ते कानांनी ऐकलंय. म्हणून नियमांपैकी एकाला माघार घ्यावीच लागते.

हे मांडायचं कारण असं की विसंगत आधारांवरून काहीही सिद्ध करता येतं. ब खरं असेल तर “ब किंवा अमुक” खरं, मग अमुक काहीही असो. ब खोटंही असेल तर अमुकच उरतं. घरात याचा अर्थ इतकाच होतो की मोठ्यांना हवा तो नियम हव्या त्या वेळी काढता येतो आणि मूल दोन्हीकडून चुकतं. सांगितलं तर खोटारडं, नाही सांगितलं तर उद्धट.

दुरुस्ती अपवाद घालून होते. च : सांगितलेलं काम मुळातच चुकीचं आहे. नियम असा लिहा : (स ∧ ~च) → ब. आता स खरं, च खरं, ब खोटं ही ओळ तपासा. पूर्वांग खोटं, म्हणून नियम मोडत नाही, ~ब ही उभं राहतं, तिन्ही एकत्र नांदतात. दुसरा रस्ता म्हणजे खोट्याच्या नियमाला अपवाद देणं. दोन्हीतला कुठला घ्यायचा हे तर्कशास्त्र ठरवत नाही. ते तुमच्या घराने ठरवायचं आहे, आणि ठरवल्यावर मुलीला सांगायचं आहे. आमच्या मते पहिली दुरुस्ती बरी, कारण दुसऱ्या दुरुस्तीत अपवाद कोणते ते नेहमी फोन टाळणाराच ठरवतो.

“एकतर हे, नाहीतर ते”

आईवडील नौपाड्यात, मुलगा-सून दूर उलव्याला घर घेतात. सल्ला येतो : “एकतर आईवडिलांजवळ राहा, नाहीतर आपलाच संसार बघ.” अ ∨ स. पुढे सहज म्हटलं जातं : त्याने संसार बघितला, म्हणजे आईवडिलांना सोडलं. साध्या ∨ वरून स असताना ~अ निघत नाही. त्यासाठी ~(अ ∧ स) हेही लागतं, म्हणजे दोन्ही एकत्र जमूच शकत नाहीत, आणि ते कुणी सिद्ध केलेलं नसतं. असा सल्ला आला की दोन ओळी आवर्जून भरा : दोन्ही खरी असलेली आणि दोन्ही खोटी असलेली. पहिलीत कधी दर शनिवार-रविवार येणं बसतं, कधी आईवडिलांसाठी शेजारी भाड्याचं घर. दुसरीत त्याच गावात राहून महिनोन्‌महिने न फिरकणारा आणि आपल्या संसाराकडेही न बघणारा मुलगा बसतो. “जवळ” हा शब्द अंतराबद्दल होता की काळजीबद्दल, हेही मग विचारता येतं.

खरे वाटणारे पण रिकामे सल्ले

“अति तेथे माती.” विचारा : अति कशाला म्हणायचं? “ज्याने माती होते ते अति” असं उत्तर आलं तर विधान म → म झालं, सर्वतः सत्य, कुठल्याही ओळीत खोटं न ठरणारं. असं विधान कुणाला काहीच सांगत नाही. सल्ल्याला वजन हवं असेल तर अति आधी मोजावं लागतं : शाळेनंतर दोनपेक्षा जास्त क्लास, रात्री अकरानंतर मोबाइल. मग ते खोटं ठरू शकतं, आणि म्हणूनच उपयोगी पडतं.

हे हत्यार जिथे चालत नाही

“त्या वेळी माझं ऐकलं असतंस तर आज ही वेळ आली नसती.” ऐकलं नव्हतं, म्हणजे पूर्वांग खोटं, म्हणजे → च्या व्याख्येप्रमाणे वाक्य आपोआप खरं. पण तसं तर “ऐकलं असतंस तर याहून वाईट झालं असतं” हेही खरं ठरतं. न घडलेल्या गोष्टींच्या “तर”ला हे कोष्टक लावू नका, निकाल फसवा येतो.

आज्ञेला ∨ जोडू नका. “पत्र पेटीत टाक” वरून “पत्र पेटीत टाक किंवा जाळून टाक” असं काढता येईल का, हा प्रश्न तत्त्वज्ञ आल्फ रॉस यांनी १९४१ मध्ये विचारला. विधानांना चालणारी पायरी आज्ञांना चालत नाही : औषधं आणायला सांगितलेल्या नातवाने ती फेकून दिली आणि “आण किंवा फेक यातलं एक केलं” म्हटलं, तर कुणी ऐकून घेणार नाही. कर्तव्य, मुभा आणि मनाई यांसाठी तत्त्वज्ञ गेऑर्ग हेन्रिक फॉन राइट यांनी १९५१ मध्ये वेगळी चिन्हं आणली. पुढे जायचं असेल तर तिकडे वळा.

“सगळेच करतात” मधला “सगळे” इथे दिसत नाही. विधान-तर्क अख्ख्या वाक्याला एक अक्षर देतो, त्याच्या पोटात शिरत नाही. त्यासाठी विधेय-तर्कशास्त्र लागतं.

सापडलेला दोष सांगायचा कसा

जेवताना आजोबांना “तुमचा युक्तिवाद अवैध आहे” म्हणायचं नसतं. घात करणारी ओळ प्रश्न म्हणून विचारा. ती ओळ म्हणजे एक माणूसच असतो, आणि माणूस आठवायला सांगितल्याचा कुणाला राग येत नाही. “आजोबा, खूप मेहनत करूनही ज्याला जमलं नाही असं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का?” “काकू, काही केलं नसताना तुम्ही कधी घाबरला होतात का?” उत्तर यायला वेळ लागतो. तोवर वाढायला घ्या, दुसरा विषय काढू नका. त्यांना माणूस आठवला की सल्ला नव्याने लिहून दाखवा : “कष्ट केल्याशिवाय पास होणं कठीण. कष्ट करूनही राहिलं असेल तर कुठे अडलं ते बघू.”